झिरो व्हिजिट

६ मार्च
आजपासून रोज लिहायचं. पाच वाजता उठणे, वडापाव बंद, इंग्रजी पेपर चालू. (उठलो आठला. दौंडला रात्रभर गाड्यांचे भोंगे, त्यात माझा काय दोष?)

प्रोजेक्टची नोंद करून ठेवतो. चार औषध कंपन्या मिळून पैसे देतात, पुण्याचं कॉलेज डोकं लावतं, आणि शिरूरच्या हॉस्पिटलातून आम्ही पेशंट सांभाळतो. नवं औषध बाजारात यायला दहा-बारा वर्षं जातात, ती कमी करायची. सध्या हृदयाची एक गोळी आहे. पेशंटच्या मनगटावरचा बँड नाडी आणि पावलं मोजतो, आम्हीच दिलेला मोबाइल ते आकडे पाठवतो. मोबाइलवर रोज सकाळी तीन चेहरे येतात, हसरा, मधला, रडका. कसं वाटतंय ते दाबायचं. एवढं सगळं यंत्र करत असताना मी दर गुरुवारी घरोघरी जाऊन काय बघतो? हा प्रश्न आजवर कुणालाच पडला नव्हता.

१३ मार्च
नाव सुचलं. झिरो व्हिजिट! गोळ्या तीन महिन्यांच्या एकदम कुरियरनं, बाकी बँड सांगेल. पुण्याच्या कॉलेजातल्या प्रोजेक्टप्रमुख मॅडमना मेल टाकला. आमची नर्स मार्था म्हणाली की, सर, माणसं वाट बघतात. मार्था चर्चमध्ये गाते छान, पण सायन्स वेगळं.

न्हावऱ्याजवळच्या वस्तीवर रखमाजी आबांकडे शेवटची व्हिजिट. मेंढरं विकून शेतीला लागलेला माणूस, बोलायला कुणीतरी लागतंच. दोन तास गेले. बँड काढायचा नाही, मध्येच सोडलं तर सगळ्यांची मेहनत वाया, हे नेहमीचं सांगितलं. आबा छातीवर हात ठेवून म्हणाले की, सायेब, सहा म्हैनं म्हंजी सहा म्हैनं, शबुद हाय माजा. त्यांच्या मंडळींनी, अनसाबाईंनी, नुसत्या दुधाचा चहा दिला. पुढच्या गुरुवारी या म्हणाले. हो म्हणालो. वाद कशाला घाला?

२७ मार्च
मॅडमचा होकार. आता शिरूरला काष्टीमार्गे जातो. थोडं लांब पडतं, पण रस्ता चांगला आहे. न्हावऱ्यावरून गेलं की आबा बांधावर बसलेले असतात, मग गाडी थांबवावीच लागते.

१८ एप्रिल
आबांच्या वस्तीवरून काल चार मिस्ड कॉल. उचलला की अर्धा तास गेलाच म्हणून समजा. झिरो व्हिजिट म्हणजे झिरो फोनसुद्धा. त्यांचा आलेख कालपासून बंद आहे, बँड चार्जिंगला लावायला विसरले असणार. वडापाव फक्त एक.

२ मे
आबांचा आलेख दहाएक दिवसांनी परत सुरू झालाय. आणि काय सुरू झालाय! पावलं तिप्पट. रोज सकाळी हसरा चेहरा, एक दिवस चुकत नाही. नाडी सावकाश होत चाललीय, ह्या गोळीचं तेच काम. इतर पेशंट आणि आबा शेजारी ठेवले तर आबा हीरो. मी जाणं बंद केल्यावर माणूस सुधारला, हे कुणीतरी छापायला हवं.

१५ मे
मॅडमचा फोन. २९ तारखेला पुण्यात चारही कंपन्यांसमोर मी बोलायचं. आबांचा आलेख पहिल्याच स्लाइडवर घेतलाय. निळा शर्ट शिवायला टाकला.

२३ मे
काष्टी रोडला उसाची ट्रॉली उलटली म्हणून नाइलाजानं न्हावऱ्यावरून आलो. चौकात आबांचा मोठा फ्लेक्स. फोटो मीच काढलेला, नोंदणीच्या दिवशी, मनगटावर बँड. लाइट काय सुंदर आलाय, असं आधी वाटलं. मग खाली वाचलं. भावपूर्ण श्रद्धांजली. दशक्रिया विधी, २६ एप्रिल, घोडनदी घाट.

ऑफिसात आल्या आल्या कॉम्प्युटर उघडला. आबा आज सकाळी चालले होते. चेहरा हसरा.

२४ मे
विचार केला. एकाच नावाची दोन माणसं असू शकतात. फ्लेक्सवाले फोटोही चुकीचे लावतात. शिवाय मेलेल्या माणसाला नाडी नसते, ह्यांना आहे.

पण ती रोज कमी होतेय. आज चोपन्न. पावलं घरापासून बांधापर्यंत आणि परत. दिवसभर स्क्रीन बघत बसलो, जेवण गेलं नाही. मार्थानं विचारलं की, सर, बरं वाटत नाही का? हवा बदलली म्हणालो.

२६ मे
नाडी एकोणपन्नास. हसरा चेहरा.

पेशंट गेला तर एका दिवसात कळवावं लागतं. कळवलं तर पहिला प्रश्न येणार, महिनाभर तुम्ही कुठे होता? वस्तीवर फोन लावायला घेतला. रिंग गेली आणि मला एकदम वाटलं, आबाच उचलतील. ठेवून दिला. २९ला प्रेझेंटेशन झालं की पहिलं काम हेच करायचं, ठरलं.

२८ मे
आज चेहरा आला नाही. अकरा वाजले, बारा वाजले. नाडी बेचाळीस. मार्था मागे येऊन उभी राहिली, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ती ड्रायव्हरला हाक मारून खाली गेली. मीही गेलो.

वस्तीवर आबा नव्हते. अनसाबाई बाजेवर पडून, डोळे मिटलेले, मनगटावर बँड. उशाशी आबांच्या गोळ्या. तीच महिनाभर घेत होती.

गाडीत मार्थानं तिचं डोकं मांडीवर घेतलं. अनसाबाई तुटक बोलत राहिली. दहाव्याला कावळा शिवंना. नातीचं लगीन करू म्हणलं, न्हाई. देवाला जाऊ म्हणलं, न्हाई. ऊन डोक्यावर आलं. मंग मीच म्हणलं, दवाखान्याच्या सायबाला दिलेला शबुद तुमच्या माघारी मी पुरा करते, आन् लगीच शिवला. तवापास्नं बांधलाय, सायेब. चालायला सांगितलंया म्हणून चालती. हसायचं बटन रोज दाबती. आज हातच उचलंना.

मग मला विचारलं की, बरुबर झालं का काम?

२९ मे
पुण्याला गेलो नाही. आबांचा मृत्यू आज कळवला. तारीख विचारून घ्यावी लागली, १७ एप्रिल. मॅडम फोनवर इतकंच म्हणाल्या की, सगळा डेटा बाद, चौकशी होईल, तोवर काही बोलू नका.

अनसाबाई शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर हाती लागली नसती. गोळ्या बंद. पण बँड काढू देत नाही. म्हणते, कावळ्याम्होरं बोललेलं मागं घेतलं तर आबा आडकून पडतील. शबुद तुम्हाला दिलेला, तवा सोडवायचा बी तुम्हीच.

हे सोपं आहे. घाटावर घास ठेवायचा, काम झालं म्हणायचं. अर्ध्या तासाचं काम.

५ जून, घोडनदी घाट
सकाळी सातला आलो. भात, पुरी, शेव, वर दही. सगळं व्यवस्थित ठेवलं. अनसाबाई पायरीवर शाल गुंडाळून बसलीय, शेजारी मार्था. भिंतीवर चार कावळे, पान सरळ समोर.

मोठ्यानं सांगितलं की, आबा, तुमचं काम पूर्ण झालं, तुम्ही मोकळे. कावळे हलले नाहीत. मग सांगितलं की, प्रोजेक्टच बंद पडला, आता शब्द कुणाचा कुणाकडे राहिलेला नाही. नाही. अनसाबाईंची औषधं मी बघेन म्हणालो. एक कावळा खाली उतरला, पानाभोवती फिरला, परत वर गेला. शेवटी म्हणालो की, दर गुरुवारी वस्तीवर येईन. तरीही नाही.

अनसाबाई रागावली नाही. समजूत घातल्यासारखी म्हणाली की, सायेब, पुढल्या गुरवारी येतो असं तुम्ही त्यास्नी आंदी बी म्हणला हुता. गेले त्या सकाळी बी बांधावर जाऊन बसलं व्हतं. आता नुस्त्या बोलण्यावर न्हाई यायचे ते.

साडेदहा झालेत. ऑफिसातून दोन फोन आले, उचलले नाहीत. मार्था म्हणाली, घास कुत्र्याला घालून निघू या. मी नको म्हणालो. ऊन पायरीवर आलंय, अनसाबाईंना सावलीत बसवलंय आणि मी पानाजवळच बसून आहे.