दादाच्या डोक्याचा फोटो

पुरुषोत्तमनगर,
१२ जानेवारी २०२५

चि. चारुलतास,

दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुझा नवा गुडघा तिकडे कोल्हापुरात तुझ्यासारखाच ताठ असेल, अशी आशा आहे. फोनवर तू आपलं म्हणणं संपवून फोन ठेवून देतेस आणि मला उत्तर मागाहून सुचतं, म्हणून पत्रच बरं.

परवा मी नातीला, काजलला, शाळेतून मोटरसायकलवर घरी आणत होतो. कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरमधून रस्ताभर ऊस सांडला होता. त्यावरून चाक घसरलं आणि आजोबा-नात दोघं आडवे. काजलच्या कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं. पडल्या पडल्या तिने असं भोकाड पसरलं की ट्रॅक्टर थांबला. माझंही डोकं मैलाच्या दगडावर आपटलं, पण चौकशी करायचीच तर दगडाची करावी.

भूपेंद्र आणि सूनबाई आम्हाला शहाद्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. तिथली डॉक्टरीणबाई आपल्या काजलच्या चार इयत्ता पुढे असेल, इतकी लहान! तिने पोरीला नाव विचारलं, डोळ्यांत बॅटरी मारली, चालवून पाहिलं आणि म्हणाली की डोक्याच्या स्कॅनची गरज नाही. पोर बेशुद्ध पडली नाही, उलटी नाही, सगळ्यांना ओळखते; मग वाढत्या मेंदूवर उगाच किरण कशाला? दुपारभर नजरेखाली ठेवू म्हणाली. घरी गेल्यावर उलट्या झाल्या, सुस्ती आली, चाल बिघडली तर लगेच परत आणा, असं सूनबाईला दोनदा बजावलं. मी आवाज चढवला. शेजारच्या चुनीलालच्या नातवाला नुसतं दार लागलं, तरी त्याने स्कॅन काढून आणला आणि तो फोटो खिडकीला लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. आमची पोर काय उकिरड्यावर सापडली?

तर बाई उलट माझ्याकडेच वळली. वय विचारलं. हृदयात स्टेंट आहे, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, हे भूपेंद्रने नको तितक्या उत्साहाने सांगितलं. मग म्हणे, आत्ता बरं वाटत असलं तरी स्कॅन तुमचाच काढायला हवा. घ्या! मागणाऱ्याला नाही आणि नको त्याच्या गळ्यात. मी सांगून टाकलं, मन्हं डोकं दगड शे, त्याले काय व्हनार? आणि चालत बाहेर आलो.

काजल संध्याकाळी केळं खात उड्या मारत होती. बाईचं नशीब जोरावर. माया असू दे, टोमणे आवर.

तुझा,
पितांबर

*

कोल्हापूर,
२० जानेवारी २०२५

ती. दादास,

चारूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. पत्र वाचून ऊर भरून आला. नातीसाठी नको असलेला स्कॅन भांडून मागायचा आणि स्वतःसाठी हवा असलेला भांडून नाकारायचा, असा मर्द साऱ्या खानदेशात दुसरा नसेल. एकाच फेरीत दोन्ही चुका उरकल्यास, पेट्रोल वाचलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान निघाली, हा तिचा अपराध खराच. पुढच्या वेळी पांढऱ्या दाढीची डॉक्टरीण शोधून ठेवायला वहिनीला सांगते. आणि खिडकीला लावायला फोटोच हवा असेल, तर तुझा लग्नातला लाव; त्यातही डोकंच तेवढं मोठं आलं आहे.

दगडांबद्दल म्हणशील, तर मी जन्मभर शाळेत शिकवलं आहे, दगड मला नवे नाहीत. दगड आतून भिजला तर बाहेरून कळत नाही, दादा. पोरीचं डोकं तपासून तिने स्कॅन नको म्हटलं, तुझ्या गोळ्या ऐकून हवा म्हटलं. दोन्ही वेळा बाईने विचारच केला होता, तुझ्यासारखा आवाज नव्हता चढवला. चेष्टा पुरे. भूपेंद्रला घेऊन आजच्या आज जा.

वहिनीला नमस्कार, काजलच्या टेंगळाला गोड पापा. रागावलास तरी बहीणच मानशील ना?

तुझी,
चारू

*

पुरुषोत्तमनगर,
६ फेब्रुवारी २०२५

चि. चारुलतास,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, फाडलं नाही, यातच माझा मोठेपणा ओळख. मी ठणठणीत आहे. केळीचे घड चांगले आले आहेत. सकाळी डोकं दुखतं, पण तो नव्या चष्म्याचा दोष. चष्मेवाल्याला तीनदा शिव्या घालून आलो. डाव्या पायातली चप्पल वाटेत निसटते आणि मला मागे वळून पाहिल्यावर कळतं. हल्ली चपला धड मिळत नाहीत.

घरात सगळे माझ्या मागे लागले आहेत. शर्टाची बटणं वरखाली लागली, तरी तुझी वहिनी अशी बघते की जणू मी नागडा चावडीवर गेलो. काल चहा गाळायचं ते, ते आपलं हे, त्याचं नावच आठवेना. मी हातानेच खूण केली, तर सूनबाई रडायला लागली. नाटकी माणसं. दुपारी झोप फार येते, म्हणजे तब्येत उत्तमच. केळीचे घड चांगले आले आहेत.

स्कॅनचं नाव पुन्हा काढू नकोस. लोभ ठेव.

पितांबर

*

पुरुषोत्तमनगर,
२ मार्च २०२५

प्रिय चारूताईंस,

प्रमिलाचा सप्रेम नमस्कार. वि. वि. यांचं पत्र हातात पडताच तुम्ही भूपेंद्रला फोनवर जे सुनावलंत, ते त्याने मला गाळून सांगितलं. मूळ शब्द ऐकायला मिळाले असते तर बरं झालं असतं.

तरीही हे हलायला तयार नव्हते. भूपेंद्रने गाडी काढली, तर विहिरीवरची मोटर पाणी उचलत नाही, ते बघायचंय म्हणून शेतात निघाले. काजल अंगणात होती. पडल्यावर तिच्यावर पाळत ठेवताना तिच्या आईने डॉक्टरीणबाईंचं सांगणं रोज म्हणून दाखवलं होतं; चाल बिघडली तर लगेच परत आणा, हे तिला पाठ. ती ओरडली की आजोबा तसेच चालत आहेत, डॉक्टरीणबाईंकडे न्यायचे असतात तसे. हे तिला दटावायला वळले आणि तुळशीपाशी कोसळले. मग कुणीच कुणाला विचारलं नाही.

शहाद्यात स्कॅन झाला. चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नसेल. महिनाभर नको नको म्हणत होते ते एवढंसंच! कवटी आणि मेंदूच्या मध्ये रक्त साचलं होतं. जानेवारीतल्या मारामुळे थेंब थेंब झिरपत राहिलेलं, गोळ्यांमुळे न थांबलेलं. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. मी सांगितलं होतं ना, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मला तर वाईटच वाटलं. त्यांच्या जागी मी असते, तर बोर्डावर लिहिलं असतं. त्यांनी स्वतः सुरतेला फोन लावून मोठ्या दवाखान्यात जागा करून दिली.

आत नेताना यांनी माझा हात धरला आणि विचारलं, मी वाचसू ना वं? चारूताई, लग्न झाल्यापासून या माणसाने मला कधी काही विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मीही काय बोलावं! म्हटलं, तुम्ही नई वाचनात ते मी भांडसू कोनसंगे? आणि दार बंद झाल्यावर जमिनीवरच बसले.

कवटीला भोकं पाडून रक्त काढलं. आता हे घरी आहेत. काठी टेकत ओट्यापर्यंत जातात, बटणं नीट लावतात, चष्मेवाल्याची माफी मात्र मागायला तयार नाहीत. चुनीलाल भेटायला आला, तर हे त्याला सांगत होते की आपला फोटो त्याच्या नातवापेक्षा मोठ्या मशीनवर काढला आहे.

एक गोष्ट फोनवर सांगता आली नाही, म्हणून हे पत्र. ऑपरेशननंतर एक-दोन दिवस हे भ्रमात होते. मी उशाशी बसलेली, तर मला नर्स समजले. इतक्या आदराने बोलत होते की मला अवघडल्यासारखं झालं. मग हळूच म्हणाले, सिस्टर, मन्ही बायको बाहेर बसेल व्हई. तोंडनी तिखट शे, पन तिले मजार बलावा. तिना बिगर माले चैन पडत नई.

मी म्हटलं, आत बोलावते. बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. डोळे पुसले, पदर सारखा केला आणि बायको होऊन पुन्हा आत गेले. यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि खेकसले, इतला येळ कोठे व्हतीस?

हे त्यांना सांगू नका. सांगितलंत तर नाकारतील, आणि ते मला ऐकायचं नाही. गुडघ्याला जपा. आमच्यावर राग आणि माया दोन्ही असू द्या, यांना दोन्ही लागतात.

तुमची,
प्रमिला