प्राध्यापकांचा अंगठा

ती. गेशेआत्यास,

वीब्केचा बसल्या जागेवरूनच नमस्कार (उठायचं त्राण नाही). तुझा गुडघा काय म्हणतो? चहाच्या दुकानात गिऱ्हाईक आहे ना? माझी तब्येत विचारशील तर ती बरी आहे. बाकीचं विचारू नकोस.

डॉक्टरेटनंतरची सहा वर्षं सप्टेंबरात भरतात. मग कायद्याने विद्यापीठ मला मुदतीची नोकरी देऊ शकत नाही. (कायमच्या जागा आहेत, पण त्यांवरची माणसं ठणठणीत आहेत.) पळवाट एकच, बाहेरच्या पैशावर चालणारा प्रकल्प. तशी एक जागा माग्डेबुर्गला निघाली, म्हणून गाडी तीनदा बदलून गेले.

आमच्या मेंदू-संशोधनाच्या धंद्यात प्रयोगासाठी आपापली डोकी एकमेकांना उसनी द्यायची पद्धत आहे. तिथले प्रकल्पप्रमुख प्राध्यापक ल्यूडेके यांनी मुलाखतीत माझी परीक्षाच घेतली. मेंदूला बाहेरून ठोका देणारी चुंबकाची कॉइल हातात दिली नाही, 'भिंतीवरच्या खुंटीवरची घ्या' म्हणाले आणि स्वतःचं टक्कल पुढे केलं. पडद्यावर त्यांच्या मेंदूचं चित्र होतं. त्यात अंगठा हलवणारी जागा शोधायची, डोक्यावर नेमकी तिथे कॉइल टेकवायची, ठोका द्यायचा. जागा बरोबर असली की अंगठा उडतो. मी ठोका दिला. टक्. अंगठा उडाला. पुन्हा टक्, पुन्हा उडाला.

"वा! पोरीचा हात बघा!" ल्यूडेके मदतनिसांना म्हणाले. "तुम्हाला अर्धा तास लागतो!" लगेच आलुबुखारचा केक कापला गेला. मी पहिला घास तोंडात टाकला आणि माझी नजर कॉइलच्या वायरवरच्या निळ्या पट्टीवर गेली. मी चुकीच्या खुंटीवरची खोटी कॉइल उचलली होती. ती नुसती टकटकते. खरा उपचार कोणाला मिळतो हे रुग्णांना कळू नये म्हणून ठेवलेली असते. तिने माशीचा पायसुद्धा हलत नाही.

गप्प बसले असते तर नोकरी माझी होती. आत्या, खरं सांगते, तो घास गिळेपर्यंत मी गप्पच बसणार होते.

"प्राध्यापकसाहेब, ही खोटी आहे."

"कोण खोटी?"

"कॉइल."

त्यांनी अंगठ्याकडे रागाने पाहिलं. "मग हा का उडाला?"

"उडेल असं तुम्हाला वाटलं म्हणून." (या विषयात तीस वर्षं घालवलेल्या तज्ज्ञाला हे सांगायचं नसतं.) मदतनीस केकच्या ताटलीत बघत राहिले. मला ट्रामचा रस्ता फारच आपुलकीने दाखवण्यात आला. परतीच्या गाडीत रडूही आलं नाही, नुसती झोप आली. आता पुरे झालं विज्ञान.

तुझी दमलेली,
वीब्के

ता. क. : पत्राचं खरं कारण हे की दुकानावरची खोली ऑक्टोबरात रिकामी आहे का? मी चहा तोलीन, गिऱ्हाइकांशी मेंदूबद्दल वाद घालणार नाही. मला खरंच घरी यायचंय गं.

ता. क. दुसरा : या पत्राचं पाकीट टपालात न पडता आठवडाभर पिशवीतच राहिलं. आज ल्यूडेकेंचा फोन आला. "ती जागा दुसऱ्याला दिली. पण पोरी, हा अंगठा मला सुखाने जगू देत नाही. प्रकल्पाचे थोडे पैसे उरलेत, याचाच छडा लावू. येतेस? वर्षभरासाठी." तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला, तरी हो म्हणून बसले. खोली खुशाल भाड्याने दे. फक्त करार एकाच वर्षाचा कर.