कोण कोणामागून गेलं

मी, खाली सही करणारी, वय त्रेसष्ट, धंदा कवळ्या बनवणे, सध्या मुक्काम लॉन्ड्रीच्या वर तिसऱ्या मजल्यावरची भाड्याची खोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. फुप्फुसं गेली आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेलं नाही. उलट माझे पती समोर बसून "आत्ताच कशाला? गाडी सुटतेय का?" असं सारखं म्हणत आहेत, त्याकडे दुर्लक्ष करून मी लिहीत आहे. वकीलसाहेबांनी "राहणार" या शब्दापुढे कायमचा पत्ता घालायला सांगितला होता. कायमचा पत्ता मला आता नाही. तो असता तर हा कागद मी माझ्या घरी बसून लिहिला असता.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केल्याचं कोणी म्हणालंच, तर ते खोटं समजावं. अंमलबजावणीचं काम जावयांनी करावं. ते बस चालवतात, वेळेवर पोचायची सवय आहे, आणि बोलतात कमी.

कलम १. घर. ज्या देशाचे माझे पती नागरिक आहेत, तिथे मी लग्न होऊन गेले आणि जवळजवळ तीस वर्षं राहिले. तिथलं आमचं तीन खोल्यांचं घर दोघांच्या नावावर आहे. माझा अर्धा हिस्सा मी माझ्या एकुलत्या एक लेकीला देते. पतीला हयातभर तिथे राहण्याचा हक्क राहील. हक्क कसला, सक्तीच म्हणा; त्याबद्दल पुढे लिहिते.

स्वयंपाकघरातल्या खिडकीची कडी आधी वर ढकलून मग फिरवायची. जावयांनी उगाच जोर लावू नये. मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, तिथे कपाट टेकवून ठेवू नये. या घराची पट्टी दर वर्षी माझ्या नावाने येते, मी इथून भरते, आणि ती घ्यायला आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही. त्या घरात जाऊन झोपायची मात्र मला परवानगी नाही.

कलम २. परवानगी का नाही, हे नातीला मोठेपणी कळावं म्हणून इथे लिहिते. वकीलसाहेब म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात इतिहास नको." म्हटलं, साहेब, फी तुमची, आयुष्य माझं.

मी तिकडची नागरिक कधी झाले नाही. त्यासाठी जन्मदेशाचं नागरिकत्व सोडावं लागत होतं, आणि माझी आई म्हणायची, "बयो, मी आहे तोवर तेवढं नाव खोडू नकोस." आई पुष्कळ जगली. मला कायम रहिवासाचं कार्ड होतं, कशावाचून काही अडत नव्हतं. आता आई नाही, माहेरी दार उघडायला कोणी नाही, आणि कार्डही नाही.

आठ वर्षांपूर्वी ह्यांना इकडे, या तिसऱ्याच देशात, लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालं. तिकडचा नियम असा की कार्डवाल्याने पाच वर्षांतली निदान दोन तरी देशात काढली पाहिजेत. पण नागरिक असलेल्या नवऱ्यासोबत परदेशी राहिलं, तर तो काळ देशातच राहिल्यासारखा धरतात. हे आम्ही नीट विचारून घेतलं होतं. डोळे झाकून निघालो नव्हतो.

आता आमच्या घरची रीत सांगते. ह्यांना धुळीचा दमा. लग्नानंतर आम्ही चार घरं बदलली, आणि दर वेळी मी आधी जायचं, झाडायचं, पुसायचं, गाद्या उन्हात टाकायच्या, आणि घर लागलं की ह्यांनी यायचं. हे मला "पायलट गाडी" म्हणतात, मंत्र्यांच्या पुढे पळते ती. इकडे येतानाही तसंच ठरलं. मी खोली लावायला पुढे आले, आणि तिकडे सासूबाई पडल्या, अंथरुणाला खिळल्या. ह्यांना निघता येईना. सासूबाई गेल्या, सगळं आवरलं, आणि मग हे आले. त्यात सात महिने गेले. मी इथे एकटी. रिकामी बसून माशा मारू? कोपऱ्यावरच्या दंतवैद्याकडे कवळ्यांचं काम धरलं.

कार्डाची मुदत संपत आली तेव्हा तिकडच्या सरकारच्या इथल्या कचेरीत आम्हा दोघांना बोलावलं. साहेब चांगले वागले, बसायला खुर्ची दिली. विचारलं, "दोघांपैकी आधी कोण आलं?"

मी म्हटलं, "मी! नाहीतर घर कोण लावणार?" अभिमानाने म्हटलं, हसून म्हटलं.

"आणि आल्या आल्या काम सुरू केलंत?"

"म्हणजे काय! दुसऱ्याच आठवड्यात."

ह्यांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मला वाटलं, कौतुकाने.

साहेब म्हणाले, "बाई, सवलत नवऱ्यासोबत जाणाऱ्या बायकोला आहे. तुम्ही कामाला पुढे आलात आणि नवरा तुमच्यामागून आला. म्हणजे तुम्ही त्यांच्यासोबत नव्हता, ते तुमच्यासोबत होते."

इतकी वर्षं एका छपराखाली काढली, एका भांड्यातला चहा दोन कपांत ओतून प्यालो, ती सगळी बाद. साहेब बोलत होते तेव्हा त्यांची वरची कवळी हलत होती. मला निकाल ऐकू येईना, तेवढंच दिसत राहिलं. उठून म्हणणार होते, साहेब, काढून द्या, मी बसवून देते. म्हटलं नाही. त्यांना या मृत्युपत्रात मी काही देत नाही आणि काही मागतही नाही.

मग अपील. दोन वर्षं त्यात गेली आणि उत्तर तेच आलं. ह्यांनी बायकोला नव्याने बोलावण्याचा अर्ज केला. त्याला आणखी दोन-अडीच वर्षं लागतात. डॉक्टर म्हणतात, पुढची थंडी निघणार नाही. निदान पाहुणी म्हणून जाऊन येते म्हटलं, तर तेही नामंजूर: बाई आजारी आहे, घर तिथे, लेक तिथे, परत जाईल याची खात्री वाटत नाही. खरंच आहे त्यांचं. मी परत आले नसते.

कलम ३. हत्यारं. मेण कोरायच्या सुऱ्या, स्पिरिटचा दिवा आणि घासायची मशीन तिकडच्या माझ्या जोडीदारणीला द्यावी. एका टेबलावर आम्ही अकरा वर्षं लोकांचे दात घडवले. अट एकच, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय मशीन सुरू करू नये. मी बांधायचे नाही, गुदमरायला व्हायचं. नवऱ्याला धूळ सोसत नाही म्हणून जन्मभर घर पुसलं, आणि दिवसभर स्वतः धूळ गिळत बसले. याला काय म्हणावं!

कलम ४. धाकटे दीर. त्यांना घरात सगळे "सल्लागार" म्हणतात. आम्ही निघताना हे दीरच म्हणाले होते, "वहिनी, खुशाल पुढे जा. नवरा नागरिक असताना बायकोला कोणाची अडवायची टाप आहे?" सासूबाई गेल्यापासून रखवाली म्हणून ते आमच्या पुढच्या खोलीत आहेत. रखवाली कसली, बूड हलवत नाहीत. माझ्या मृत्यूनंतर तीन महिन्यांत त्यांनी खोली मोकळी करावी. ज्या खुर्चीत बसतात ती घेऊन जावी, मी ती त्यांना देते. सोबत एक सल्लाही देते, फुकट: ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही" म्हणावं, त्याने जीभ झडत नाही.

कलम ५. शिल्लक आणि नात. बँकेत जे असेल ते नातीच्या नावे ठेवावं. फार नाही, औषधांनी खाल्लं.

मी तिला पाहिलं तेव्हा ती रांगत होती. आता ती साडेचार वर्षांची आहे आणि फोनवर विचारते, "आजी, तू का येत नाहीस?" कार्ड, अपील, हे पोराला काय सांगणार? लेकीने सांगून टाकलं, आजी रुसली आहे. तेवढं तिला समजतं. तेव्हापासून ती फोनवर माझी समजूत काढते. "मी तुला माझी जागा देते, ये ना." मी रुसल्यासारखं तोंड करते आणि फोन ह्यांच्या हातात देते. लेकीचा मला राग नाही, मीही तेच सांगितलं असतं. पण पोरगी वाचायला शिकली की हे कलम तिला दाखवावं. बाळा, मी रुसले नव्हते गं. एक दिवससुद्धा नाही.

कलम ६. माझे पती. ते नागरिक आहेत. आज तिकीट काढलं तर उद्या आपल्या घरी. पण निकाल लागल्यापासून ते एकदाही गेलेले नाहीत. नातीला त्यांनी तरी मांडीवर घ्यायचं! नाही. "दोघं जाऊ," हा एकच धोशा. कामावरून निवृत्त होऊनही इथल्या राहण्याच्या परवान्याला मुदतवाढीवर मुदतवाढ काढत या खोलीत बसले आहेत. आता हे कलम लिहिताना मी मोठ्याने वाचलं: "माझ्या पश्चात पतीने इथे एक महिनाही राहू नये."

"लिही, लिही," म्हणाले. "मी सही करणार नाही."

"तुमची सही लागत नाही."

"मग विचारतेस कशाला?"

"विचारत नाहीये, सांगतेय. तिकडे गेल्यावर लेकीला म्हणावं आठवड्यातून एकदा पंख्याची पाती पुसून घे. तुम्हाला सोसत नाही."

मग ते उठून खिडकीशी गेले. या हट्टाचा मला फार राग येतो. आणि हा हट्ट नसता तर मी पहिल्याच वर्षी मेले असते, हेही खरं. दोन्ही लिहून ठेवते.

कलम ७. देह. गेल्या आठवड्यात ह्यांना औषधं आणायला धाडून मी त्या कचेरीत स्वतः फोन केला. एक मुलगी बोलली, आवाजावरून लेकीच्या वयाची. विचारलं, "मृतदेह तिकडे न्यायचा तर काय काय लागतं?"

"मृत्यूचा दाखला, पेटी सीलबंद केल्याचा दाखला, आणि नेणाऱ्या नातेवाइकाची ओळख."

"रहिवासाचं कार्ड?"

"नाही, ते लागत नाही."

"रद्द झालेलं असलं तरी?"

"तरी नाही, बाई. त्यांना कोणी अडवत नाही."

"आणि किती दिवस राहता येतं?"

ती कोणाला तरी विचारून आली असावी. मग हळूच म्हणाली, "त्याला मुदत नसते."

तरी माझा देह तिकडे न्यावा. लेकीने विमानतळावर न्यायला यावं.

वरचा मजकूर मी पुन्हा वाचला, माझ्या मनासारखा आहे. खाडाखोड दोन ठिकाणी आहे, तिथे आद्याक्षरं घातली आहेत.

सही: (स्वतःची, थोडी वाकडी, पण माझीच)

साक्षीदार १: खालच्या लॉन्ड्रीच्या मालकीणबाई. सही केली.
साक्षीदार २: औषधोपचार करणारे डॉक्टर. सही केली.

आम्हा दोघांदेखत बाईंनी सही केली. त्यांचे पती खोलीत हजर होते. लाभार्थी असल्यामुळे त्यांची सही घेतलेली नाही.

ठिकाण: भाड्याची खोली
दिनांक: ९ मार्च, सोमवार