सात नंबरचा पट्टा

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, शिक्षण सातवी, धंदा आधी बसच्या आणि आता अंतराळयानाच्या सीटा व पट्टे शिवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. भीती वाटते, ती वेगळी. भीती म्हणजे वेड नव्हे, हे वकीलबाईंना दोनदा विचारून घेतले आहे.

कारण असे की, यान उडवणाऱ्या कंपनीच्या कामगार सोडतीत माझी चिठ्ठी निघाली आणि येत्या शनिवारी मी वर जाणार आहे. मृत्युपत्र करा असे कोणी सांगितलेले नाही. तिकीट खिडकीवरची मुलगी तर म्हणाली, "आजोबा, सव्वा तासात खाली याल, जेवण घरीच!" पूर्वी वर फक्त बंगलेवाले जात. आता माझ्या फेरीत एक नर्स आहे, एक बसड्रायव्हर आहे आणि नवी कवळी बसवलेल्या एक निवृत्त शिक्षिका. पण मी घरातून निघताना कुलूप तीनदा ओढणारा माणूस. म्हणून लिहितो.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. मागचा नळ डावीकडे फिरवला की बंद होतो. तिला माहीत आहे, तरी लिहिलेले बरे.

२. जाड कापडाची शिलाई मशीन मुलीची. तेल दर सोमवारी. सोमवारी म्हणजे सोमवारीच.

३. मेहुण्याला, म्हणजे पत्नीच्या भावाला, काहीही देत नाही. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, आणि मला साक्षीदार हवा आहे. थोडा रागही आहे. "भाऊजी, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर डोळे मिटता, आणि निघालात आभाळात!" असे तो चारचौघांत म्हणाला. ती शिडी माझी असून नऊ वर्षे त्याच्याकडे आहे.

४. नातीला माझ्या तिकिटाचा उरलेला तुकडा. ती म्हणते, तिच्या पोरांच्या वेळी शाळेची सहलच वर जाईल. जावो. पट्टा ओढून बघितल्याशिवाय कोणी बसू नये.

५. टाके उसवायची सुरी. यानाचे बारा पट्टे आमच्या दुकानात शिवले. अकरा मी, सातवा पत्नीने, कारण तेव्हा माझ्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते. बेचाळीस वर्षे ती शिवते आणि मी तिची शिवण उसवून पुन्हा घालतो. सातवी तेवढी राहिली. आणि माझी सीट निघाली सात नंबरची.

घरी म्हणालो, "सीट बदलून मागू का?"

तिने पाण्याचा ग्लास समोर आपटला. "अकरा फेऱ्या झाल्या त्या पट्ट्यावर. अकरा माणसं घरी आली. तुम्ही काय त्यांच्यापेक्षा जड आहात?"

तरी सुरी खिशात घालून मी गुपचूप पट्टे तपासणाऱ्या इंजिनिअरबाईंकडे गेलो. त्यांनी वही उघडली. बाराही पट्टे मशीनवर ओढून पाहिलेले होते. सर्वांत कमी ताणला गेला, म्हणजे सर्वांत पक्का, तो सातवा. "काका, हा कोणी शिवला? पुढचे सगळे त्यांच्याकडूनच शिवून घ्या की."

सुरी खिशातच राहिली. बेचाळीस वर्षांत मी उसवलेली एकही शिवण कच्ची नव्हती. हे मला ठाऊक होते, तोंडाने म्हणणे जमले नाही. म्हणून माझ्या मृत्यूनंतर सुरी पत्नीला द्यावी आणि हे कलम तिला मोठ्याने वाचून दाखवावे.

दुरुस्ती, त्याच दिवशी: कलम पाच रद्द. साक्षीच्या आधी मेहुण्याने कागद वाचला आणि म्हणाला, "भाऊजी, एवढं ऐकायला ताईनं तुमच्या मरणाची वाट बघायची?" आयुष्यात पहिल्यांदा बरोबर बोलला. मी सुरी तिच्या हातात दिली आणि कलम स्वतःच वाचले. तिने सुरी आपल्या शिलाईच्या डब्यात टाकली. मग म्हणाली, "वर खिडकीतून बघा हं. नाहीतर सगळा वेळ पट्टाच चाचपत बसाल."

डोळे उघडे ठेवणार आहे.

परत आल्यावर वरील सर्व वस्तू माझ्या मला मिळाव्यात. सुरी सोडून.

ठिकाण: दुकान, कापड कापायचे टेबल
दिनांक: उड्डाणाआधीचा बुधवार
सही: मृत्युपत्र करणारा

साक्षीदार १: सही, इंजिनिअरबाई
साक्षीदार २: सही, मेहुणा. शिडी रविवारी आणून देतो, भाऊजी खाली आले की.