डाव्या भुवईचा तास

३ फेब्रुवारी, सोमवार

वीस मिनिटं बोललो! मुख्याध्यापकांनी सभेत पुन्हा तेच काढलं — "सर, संगीतशास्त्राची ही वरची परीक्षा म्हणजे उपजत कान असणाऱ्यांचं काम. चार मुलांसाठी रोज एक तास कशाला?"

उपजत! इतका आळशी शब्द भाषेत दुसरा नसेल. उठलो आणि सुनावलं. कान घडवता येतो, हस्ताक्षर घडवता येतं तसा. स्वरलेखनात पियानोवर एक ओळ चारदा वाजते आणि ती ऐकून कागदावर उतरवायची असते. माझ्या चौघांपैकी एकालाही त्यात दहापैकी नऊच्या खाली गुण नाहीत. हे उपजत?

गणिताच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे घड्याळ बघत होते. पण वर्ग वाचला — निदान २६ तारखेच्या परीक्षेपर्यंत.

संध्याकाळी ताईचा फोन. चौघांतली एक तिचीच मुलगी, माझी भाची. तिचा संगीत महाविद्यालयातला प्रवेश याच गुणांवर आहे. "होईल ना रे तिचं?" — "होईल काय? झालंच समज!"

६ फेब्रुवारी

दाढ काढायला गेलो, म्हणून तास गणिताच्या बाईंनी सांभाळला. परीक्षेसारखंच, ध्वनिमुद्रण लावून; एरवी मी स्वतः वाजवतो. गुण — तीन, दोन, चार. भाची — दोन!

"बाई, काय केलंत काय?"

"बटण दाबलं. आणखी काय करणार होते मी?"

७ फेब्रुवारी

मुलांच्या वह्या चाळल्या. जुन्या प्रत्येक उत्तरावर पेन्सिलीने बारीक 'भु'. मध्येच 'ओ'. हे कुठलं चिन्ह? एवढी पुस्तकं पालथी घातली, कधी पाहिलं नाही.

भाचीला विचारलं. आधी ओशाळली, मग फिसकन हसली. "भु म्हणजे भुवई, मामा. कोमल स्वर यायच्या आधी तुझी डावी भुवई वर जाते. सूर उतरणार असला की ओठ मुडपतोस. सगळ्यांना माहितेय. मी तर लहानपणापासून वाचतेय तुझं तोंड."

मी कान घडवले नाहीत. डोळे घडवले!

८ फेब्रुवारी

आरशासमोर गुणगुणून पाहिलं. जाते वर. बोटाने दाबून धरली — तर उजवी गेली.

१० फेब्रुवारी

बाकं फिरवली. मुलं भिंतीकडे तोंड करून बसली. दोन, तीन, एक. भाची — शून्य.

दोन वेळच्या वाजवण्यामध्ये परीक्षेत पाऊण मिनिट शांतता असते. तीही मला जमत नाही. तेवढ्यात काहीतरी बोलतोच. आणि त्यांच्या डोक्यातली ओळ विस्कटते!

जिन्यात मुख्याध्यापक. "कसं चाललंय?" — "उत्तम." आयुष्यातलं माझं सर्वांत छोटं भाषण. आणि खोटं.

१३ फेब्रुवारी

"मला कानच नाहीये, मामा. तू म्हणालास म्हणून मला वाटलं, आहे."

"वर्गात सर म्हण."

"सर, मला कानच नाहीये."

बाकीचे तिघं खाली बघत राहिले. मीही. तास दहा मिनिटं आधीच सोडला. मुख्याध्यापकांचं खरं असेल तर? नाही! नाही म्हणजे नाही.

१७ फेब्रुवारी

पेन्सिली जप्त. लिहायचं नाही, आधी गायचं. मी तोंडाने सुरुवातीचा सूर देतो, मग पियानोवर फक्त दोन स्वर. ते गाऊन दाखवायचे. अख्खा तास दोन स्वर! एकाने विचारलं, "सर, तिसरा स्वर पुढच्या वर्षी का?"

हसलो. पण नऊ दिवस उरले.

१९ फेब्रुवारी

पेन्सिली परत दिल्या. चार, चार, तीन. भाची पाच! भिंतीकडे तोंड, डोळे मिटलेले. ताईला फोन लावला आणि उचलायच्या आत ठेवून दिला. पाचवर प्रवेश मिळत नाही.

२१ फेब्रुवारी

भाची आठ! पण त्याआधी काय झालं ते लिहायलाच हवं. मी सुरुवातीचा सूर दिला आणि ओळ वाजवू लागलो, तर तिने भिंतीकडूनच हात वर केला. "सर, थांबा. तुमचा सूर आणि पियानो जुळत नाहीत."

"माझा सूर?"

"खाली आहे. कालही होता."

पारा चढला. तीस वर्षं हा सूर देतोय, अमुक केलं, तमुक केलं — भाषणच ठोकलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मान वळवली नाही.

"तरी खालीच आहे, मामा."

सर म्हण, असं सांगायचं राहून गेलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मुलं गेल्यावर दार लावलं. सूर मोजायचं यंत्र समोर ठेवून गायलो. सूर बरोबर असेल तर काटा मधोमध थांबतो, खाली असेल तर डावीकडे. तीनदा गायलो. माझ्या कानाला तिन्ही वेळा चोख. काटा तिन्ही वेळा डावीकडे.

सोमवारपासून सुरुवातीचा सूर भाची देईल.