प्यालेलं बिस्कीट

ता. ३

चि. छोटीस, अ. उ. आ.

पित्ताशयातले खडे येत्या सोमवारी काढायचं ठरलं. पण त्याआधी मला उपाशी मारायचा बेत दिसतोय. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी आधी वजनकाट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही म्हणून बजावलं. अगं, भूल हाताच्या शिरेतून देणार, तिथे पोटाचा काय संबंध? कोर्टात असला मुद्दा मी पाच मिनिटांत उडवला असता. तूही लोकांना भूलच देतेस, जरा शब्द टाकून बघ. तुझी वहिनी आत्तापासूनच डबे लपवत फिरतेय.

लोभ असावा, सवलतही असावी.

तुझा दादा

ता. ५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

सवलत नाही. भूल दिली की माणसाबरोबर त्याचा घसाही झोपतो. पोटातलं आंबट वर आलं, तर खोकून टाकायला कुणी जागं नसतं. ते फुफ्फुसात उतरतं आणि फुफ्फुस भाजून काढतं. तुझ्या पोटाचा घेर तर ते वर ढकलायला टपलेलाच आहे. डॉक्टरीणबाई आम्ल कमी करणारं औषध देतील, डोक्याकडची बाजू उंच ठेवतील. पण पोट रिकामं ठेवणं तुझ्या हातात आहे. साधं बिस्कीटही खायचं नाही. इथे तुझी वकिली चालायची नाही. दादा, यात माणसं दगावतात. मला भीती वाटतेय.

लोभ आहेच, तुझ्या वजनासारखा तो आपोआप वाढू दे.

तुझी छोटी

ता. १२

चि. छोटीस, अ. उ. आ.

हे सुखरूप आहेत, ते आधी सांगते. सोमवारी ऑपरेशन झालंच नाही. आत नेताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही खाल्लंय का. यांनी छातीवर हात ठेवून नाही म्हटलं. तेवढ्यात मला यांच्या मिशीत चुरा दिसला आणि मी स्ट्रेचरच धरून ठेवला. तर म्हणतात कसे, "छोटीने बिस्कीट खाऊ नको लिहिलंय. मी चहात बुडवून प्यालो."

सगळे हसले. डॉक्टरीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी यांना सरळ घरी पाठवलं. यांना मिशी नसती तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही.

गुरुवारी बिस्किटांचा डबाच शेजारी नेऊन ठेवला आणि सगळं नीट पार पडलं. शुद्धीवर आल्यावर यांनी पहिलं काय मागितलं, ते तुला सांगायला नको. मी दिलं नाही. मग माझा हात मागितला. तो दिला.

तुझा लोभ राहावा, यांचा थोडा सुटावा.

तुझी वहिनी