कारणाचा रकाना

प्रिय ताई,

तुझे तीन फोन आले, मी एकही उचलला नाही. माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून तू सगळं ओळखतेस, म्हणून कागदाचा आडोसा घेतलाय.

निवृत्तीच्या खात्यातले सगळे पैसे मी काढले. निवृत्तीला अजून नऊ वर्षं आहेत. वेळेआधी काढले की कर कापतात हे ऐकून होतो, पण जवळजवळ तिसरा हिस्सा जाईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. उरलेल्यात भागत नाही गं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून दोराला ग्रीस लावतो, तेव्हाही डोक्यात तेच चालतं. परवा पाना हातातच होता आणि मी तो अर्धा तास शोधत होतो.

अर्जात कारण लिहिलं होतं, छपराची दुरुस्ती. तुलाही तेच सांगितलं. त्यावर भाऊजी शिडी घेऊन यायला निघाले, त्यांना कसं थोपवलं ते माझं मला माहीत. छप्पर ठणठणीत आहे.

कापलेला कर परत मिळेल का, हे विचारायला कार्यालयात गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, घराच्या कामाला सूट नाही. खातेदार स्वतः गंभीर आजारी असेल आणि डॉक्टरांचा दाखला जोडला, तरच कर परत मिळतो. मी म्हटलं, एका मित्रासाठी विचारतोय. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, “मित्राला सांगा, महिनाअखेरपर्यंत कारण बदलता येतं. खरं काय ते लिहा म्हणावं.”

खरं लिहिणं आपल्या घराला कधी जमलंय? आईने तिचा रिपोर्ट पिठाच्या डब्यामागे दडवला होता. तुला सापडला तेव्हा फार उशीर झाला होता. तू दोन दिवस जेवली नाहीस, आणि मला बजावलंस की पुन्हा कुणी असं लपवलं तर त्याचं तोंड बघणार नाही. तेव्हा मी मान डोलावली होती. आता कळतंय, आईने ते आपल्याला फसवायला नव्हतं केलं. तिला तुझा चेहरा बघवला नसता. मलाही बघवणार नाही.

पण आता इलाज नाही. खात्यावर वारस म्हणून तुझं नाव आहे, आणि बदललेल्या अर्जावर वारसाची सही लागते. सोबतच्या कागदावर छप्पर खोडून मी आतड्याचा कर्करोग असं लिहिलंय. ऑपरेशन पुढच्या महिन्याच्या आठ तारखेला आहे. त्याआधी पैसे भरले नाहीत तर तारीख जाईल, आणि डॉक्टर म्हणतात, थांबण्यासारखं नाही. पेन्सिलीने फुली मारलीय तिथे सही कर. तोंड बघायचं नसेल तर टपालाने पाठव, मी समजून घेईन. पण जमलं तर स्वतः घेऊन ये, ताई. मला फार भीती वाटतेय.

तुझाच,
ढब्ब्या